चार बोटं आखूड

आमचं नातं महिन्यापूर्वीच तुटलं होतं. आज भाडेकरार संपवायच्या कागदावर दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. खोल्या तपासताना घरमालकीणबाई पडद्यांपाशी थांबल्या. “आखूड झालेत गं.” तो हसला. “शिंपीण आहे ना, काकू. जगाचे कपडे शिवते, घरच्या खिडकीला मात्र चार बोटं कमी.” तीन वर्षं पाहुण्यांना हाच विनोद ऐकवला त्याने. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कात्री चालवायची नाही, हा आईचा नियम मी एकदाच मोडला होता. खिडकी त्याने मोजली होती, त्याच्याच टेपने. काल आवरताना तोच जुना कापडी टेप सापडला होता. मी तो टेबलावर माझ्या लांब टेपशेजारी पसरला. ताणून सैलावलेल्या त्याच्या टेपचे साठ इंच माझ्या त्रेसष्टपाशी पोचले. काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मी सही केली आणि टेप त्याच्या हातात दिला. “पुढच्या घरी पडदे विकतचे लाव.”