ही गाडी नारंगी आहे

“ज्याला काळी गाडी सांभाळता आली, त्याला राज्यसुद्धा सांभाळता येईल,” असं थवीकाकांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी शेजारच्या प्रयूनचा कोंबडा ओल्या बॉनेटवरून राजासारखा चालत गेला.

काकांनी कोंबड्याला हाकललं, नळी पुन्हा सोडली आणि बॉनेट पहिल्यापासून धुवायला घेतलं. उन्हाळा तोंडावर आला की लांपांग गावातल्या त्या गल्लीत डोंगरातल्या वणव्यांची राख उडत येते. पांढऱ्या गाडीवर ती दिसत नाही, काळ्या गाडीवर दुसरं काही दिसत नाही. पण काकांचा क्रम कधी चुकला नाही. आधी नुसतं पाणी, मग फेस, मग मऊ फडकं, आणि शेवटी डब्यातलं पिवळं मेण. स्वतःच्या कपाळावरच्या आठ्या दारात दिसू लागेपर्यंत ते गोल गोल हात फिरवत राहत. बोटांना उरलेलं मेण वाया कशाला घालवायचं, म्हणून आत डॅशबोर्डवरही एक हात. मग राख शिरू नये म्हणून काचा घट्ट बंद.

थवीकाका जमिनीच्या कचेरीत कारकून होते. मोठ्या साहेबांच्या काळ्या गाड्या त्यांनी जन्मभर खिडकीतून पाहिल्या. बायको ब्वाकेव इतकी वर्षं त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसली, पावसात प्लास्टिक पांघरून. निवृत्त झालो की हिला छपराखाली, शेजारी बसवायची, एवढं एकच स्वप्न काकांनी पाहिलं होतं.

गाडी आली. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा मेणाचा डबा उघडला. देवळात भिक्खूंनी छताला आतून पांढरे ठिपके लावून आशीर्वाद दिला. काकू जाताना गाडीतून गेल्या आणि येताना मैत्रिणीबरोबर चालत आल्या. रात्री भात वाढताना हळूच म्हणाल्या, की त्यांचा जन्म गुरुवारचा, गुरुवारच्या माणसाला काळं वाहन धार्जिणं नाही, ज्योतिषी तसं म्हणतो. साहेबांच्या विरुद्ध अर्ज करता येतो, ग्रहांच्या विरुद्ध कुठे करायचा हे कचेरीत कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून लेकीकडे नान गावाला जायचं म्हणजे काकू खिडक्या सताड उघड्या असलेल्या बसमध्ये, आणि काका त्या बसच्या मागे आपल्या गाडीत एकटे. बस थांबली की हे उतरणार, बांबूच्या नळीतला चिकट भात विकत घेणार, खिडकीतून बायकोच्या हातात देणार आणि पुन्हा बसच्या मागे लागणार. इतर प्रवाशांना वाटायचं, म्हातारीवर पोलिसांचा पहारा आहे.

काकांनी हार मानली नाही. गाडी जितकी देखणी होईल तितका हिचा धीर वाढेल, असा त्यांचा अंदाज. मेणाच्या एका हाताचे दोन झाले, दोनाचे तीन. काकू ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला शेंगा निवडत बसायच्या. गल्लीतल्या सगळ्याच बायकांसारखी हुंगायची ती कापराची छोटी नळी त्यांच्याही नाकाशी असायची. “छान दिसतेय हो,” त्या तिथूनच म्हणायच्या.

यंदा मात्र डोळ्यांच्या डॉक्टरनं काकांना बजावलं, की पावसाळ्यानंतर लांबची गाडी चालवणं बंद. म्हणजे नातीच्या जावळाला नानला जायचं, ती शेवटची फेरी. काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. प्रयूनच्या नूडलच्या दुकानात त्यांनी अर्धा वाडगा तसाच ठेवला, तेव्हा प्रयूननं सुचवलं, की काकांनी गाडी विकून सरळ बसच विकत घ्यावी, काकू आपोआप बसतील. मग त्यानं आवाज खाली आणला.

“मी काय केलं, काका? माझी गाडी पांढरी, आणि मला पांढरा रंग सोसत नाही. मागे कागद चिकटवला, ‘ही गाडी हिरवी आहे’. ग्रह काय खाली येऊन खरवडून बघतात?”

अशा कागदांना काका जन्मभर हसत आले होते. आरशासारख्या गाडीवर असलं काही चिकटवायचं म्हणजे नवरीच्या गालावर तिकीट लावण्यासारखं. रात्रभर ते कूस बदलत राहिले. सकाळी जाऊन कागद घेऊन आले.

निघायच्या दिवशी मेणाचे चार हात झाले. काकू टोपली घेऊन बाहेर आल्या, तशी काकांनी त्यांना खांद्याला धरून गाडीच्या मागे नेलं. काळ्या पत्र्यात अख्खी गल्ली दिसत होती, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरं होती: ही गाडी नारंगी आहे.

काकूंनी ते वाचलं. बसच्या रस्त्याकडे एकदा बघितलं, नवऱ्याकडे एकदा.

“हे तुम्ही लावलंत? तुम्ही?”

“नारंगी हा गुरुवारचा रंग. आता त्याची काही हरकत नसावी.”

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एक खोल श्वास घेतला, जणू विहिरीत उडी मारायची आहे, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. प्रयूननं दुकानातून पळी वाजवली.

वाटेतल्या फ्रे गावाच्या अलीकडे त्यांनी बसला मागे टाकलं. काकांनी उगाचच हॉर्न दिला. ते बोलत सुटले: सागाची झाडं, नातीचं नाक, कचेरीतले साहेब. काकू ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवत होत्या. हिलाही भरून आलंय, काकांच्या मनात आलं. घाटातल्या तिसऱ्या वळणावर काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. असा हात ठेवून किती वर्षं झाली होती.

“अहो, एक मागू?”

“माग की. आज काहीही माग.”

“आधी काच खाली करा. ज्योतिष्याकडे मी कधी गेलेच नव्हते हो. तुमच्या त्या मेणाच्या वासानं मला पहिल्या दिवसापासून ढवळतं. आणि एखादी पिशवी असली तर द्या, लवकर.”