अहवेनकडे निघालेला गोळा

अहवेन ग्रह संपला. चार लाख माणसं, एक बालवाडी आणि नुकताच रंगवलेला पूल, सगळं एका लोखंडी गोळ्याने एका क्षणात पुसून टाकलं.

पण हे घडायला अजून सात आठवडे होते. त्यामुळे सोमवारी सगळे जण, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कॉफी पीत बसले होते.

गोळा इल्पोने सोडला होता.

फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात, एका इमारतीच्या तळघरात, सौनाच्या म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या शेजारच्या खोलीत, अंतराळाचा खेळ दोन टेबलांवर चाले. सोमवारचं टेबल हौकी ग्रह सांभाळायचं. त्याचा प्रमुख इल्पो. बुधवारचं टेबल अहवेन सांभाळायचं. त्याची प्रमुख हेल्का, इल्पोची पहिलीपासूनची मैत्रीण. भिंतीवर नकाशा एकच, त्यावर दोन टाचण्या, मध्ये नऊ प्रकाशवर्षं. खेळातलं एक वर्ष म्हणजे बाहेरचा एक आठवडा. काय पाठवलं ते फक्त पंच तार्मोच्या कानात सांगायचं. ते पोचेपर्यंत तार्मो तोंड उघडत नसे, आणि एकदा सुटलेलं परत घेता येत नसे.

भांडण कॉफीच्या यंत्रावरून झालं. यंत्र सोमवारवाल्यांचं की बुधवारवाल्यांचं, यावरून.

"तुझ्या ग्रहावर राहतं तरी कोण?" इल्पो सगळ्यांसमोर ओरडला होता.

"माझ्या माणसांना आडनावं तरी आहेत!" हेल्का म्हणाली होती. "तुझ्याकडे नुसते सैनिक. एक, दोन, तीन!"

हे खरं होतं, म्हणून फार लागलं. त्याच संध्याकाळी इल्पोने तार्मोला सौनाच्या दारात गाठलं आणि गोळा सोडला. प्रकाशाच्या नऊ दशांश वेगाने. दिसू नये म्हणून वर काळा रंग दिला.

तार्मोने कान पुसला. "आज लोकांना झालंय तरी काय?" एवढंच म्हणाला.

राग दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरला. गोळा काही उतरला नाही.

त्यानंतर बुधवारच्या टेबलावरच्या राउहा आजींनी दोन्ही टेबलांतल्या सगळ्यांसाठी लोकरीचे मोजे विणले. इल्पोलाही एक जोड मिळाला. घोट्यावर अहवेनचा झेंडा होता. बालवाडीतल्या एकूण एक पोरांची नावं याच आजींनी ठेवली होती.

"बसतायत ना रे नीट?" आजींनी विचारलं.

"बसतायत," इल्पो म्हणाला. त्याला जमिनीखाली जावंसं वाटलं, पण तो आधीच तळघरात होता.

आणि आज, सोमवार असून, हेल्का खाली आली. हातात दालचिनीचे बन. बाकीचे सौनात गेल्यावर ती त्याच्या शेजारी बसली.

"इल्पो, तुझं गणित पक्कं आहे म्हणून विचारते. उगाच आपलं."

"विचार की."

"समजा, आपल्या दोन ग्रहांच्या मधे काहीतरी निघालंय. नऊ दशांश वेगाने. इंजिन नाही, ब्रेक नाही. मागून रेडिओने संदेश धाडला, तर तो आधी पोचेल?"

इल्पोच्या घशात बन अडकला. काळा गोळा हिला दिसला कसा? तार्मो फुटला असणार, दुसरं काय!

"कधी निघालंय?"

"झाले असतील तीन आठवडे," हेल्का टेबलावरचे साखरेचे कण बोटाने टिपत म्हणाली.

इल्पोने कागद ओढला. खरं तर गरज नव्हती. हे गणित तो रोज रात्री करत होता. गोळ्याला दहा आठवडे, संदेशाला नऊ. पहिल्या आठवड्यातच लाज वाटली असती तर जमलं असतं.

"नाही पोचणार," तो म्हणाला. "आता पाठवला तर दोन आठवडे उशिरा."

"पुन्हा एकदा करून बघ ना रे."

त्याने पुन्हा केलं. उत्तर तेच आलं.

हेल्काचा चेहरा उतरला. इल्पोला तिच्याकडे बघवेना. आता सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"हेल्का, मला माफ कर."

"तू कशाला माफी मागतोस?" ती एकदम म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "ते कॉफीचं यंत्र तुमच्याकडेच राहू दे. कायमचं."

"अगं, नको. तुम्हीच घ्या."

"घे म्हणते ना, गाढवा!"

ती तडक उठून गेली. जाताना दारात तार्मोच्या कानात काहीतरी म्हणाली. इल्पो सोमवारवाल्यांच्या यंत्राकडे बघत बसला. इतकं चांगलं कुणी वागू नये, असं त्याला वाटलं.

सात आठवड्यांनी तार्मोने दोन्ही टेबलांना एकत्र बोलावलं. इल्पो मोजे घालून आला. आल्या आल्या सगळं कबूल करायचं असं तो जिन्यावरच ठरवून आला होता. हेल्का कपात तोंड घालून बसली होती. राउहा आजी नवं काहीतरी विणत होत्या.

तार्मो नकाशापाशी गेला आणि त्याने हौकीची टाचणी उपटली.

"अरे, चुकीची काढलीस," इल्पो पुटपुटला. "ती आमची."

"माहीत आहे," तार्मो म्हणाला आणि त्याने अहवेनचीही काढली.

हेल्काने कपातून मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही कानापर्यंत लाल झाले होते.

आणखी दोन आठवड्यांनी, नियमाप्रमाणे, एक रेडिओ संदेश पोचला. घ्यायला ग्रह नव्हता. तेव्हा तार्मोने टाचणीच्या भोकासमोर उभं राहून तो मोठ्याने वाचला:

"प्रति, हौकी सरकार. प्रेषक, अहवेन सरकार. आमच्याकडून रागाच्या भरात एक लोखंडी गोळा आपल्या दिशेने सुटला आहे. सबब, तो निघून जाईपर्यंत आपण आपला ग्रह थोडा बाजूला सरकवून ठेवावा, ही नम्र विनंती."