उन्हाची वाटणी

समोर चाळीस मजली टॉवर उभा राहिला, तर शेजारच्या घरांचं किती ऊन अडेल, हे तपासायला आलेली पर्यावरणवाली मुलगी थोरल्या जावेच्या गच्चीवर चढली. पलीकडची गच्ची धाकटीची. घराची वाटणी झाल्यापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

"काकू, तुमचं दुपारनंतरचं ऊन जाईल," मुलगी म्हणाली.

"आणि तिचं?"

"त्यांच्याकडे दिवसभर सावलीच."

थोरली घुटमळली. मग पदर खोचून कठड्यापाशी गेली आणि तिनं खणखणीत हाक मारली, "अगं ए, तुझं ऊन जाणार म्हणे! आजपासून कपडे माझ्याकडे वाळत घाल."

धाकटी ओल्या हातांनीच धावत आली. "खरंच येऊ, ताई?"

"विचारतेस काय? ये की!"

बादली उचलायला धाकटी वळली, तशी मुलगी गडबडून म्हणाली, "अहो काकू, टॉवरला अजून परवानगीच नाही. कदाचित मिळणारही नाही."

"हळू बोल गं बाई! तिला ऐकू जाईल."

मुलीनं ओठ दाबून हसू आवरलं. धाकटीच्या गच्चीवर सकाळीच जाऊन ती हे सगळं सांगून आली होती.