लाल दिसल्याशिवाय

“हात वर!” ताई कडाडल्या, आणि नवरदेवाने कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले.

“अहो, चाचणी कुठाय? आधी कोड तपासणारी चाचणी लिहायची. चालवायची. कोडच नाही, म्हणजे ती नापास होणार, लाल दिसणार. ते लाल डोळ्यांनी बघायचं, मग कोड लिहून हिरवं करायचं. लाल दिसल्याशिवाय हिरव्याची एवढी कसली घाई?”

“चुकलं,” म्हणत त्याने निमूटपणे कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

नवरदेव हे नाव ताईंनीच पाडलेलं. पहिल्याच दिवशी हा बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अंग चोरून खुर्चीत बसला होता. चाळिशी उलटलेली, कानांवर पांढरं डोकावू लागलेलं. या वयात नव्या जागी पाय रोवायचे म्हणजे काही गंमत नव्हे. ताई स्वतः त्याच दिवशी ऑपरेशनच्या लांबलचक रजेवरून परतल्या होत्या, आणि साहेबांनी त्याला थेट त्यांच्या टेबलाशी आणून बसवलं. “महिनाभर जोडीने काम करा. मग काय ते ठरवू,” एवढंच साहेब म्हणाले.

काय ठरवायचं ते ताईंना न सांगता कळलं. या ऑफिसात नवा माणूस महिनाभर पारखून घ्यायचे आणि नाही जमला तर गोड बोलून वाटेला लावायचे. असे किती आले नि किती गेले, ताईंनी पाहिलं होतं.

काम पोरखेळाचं नव्हतं. हॉस्पिटलात पेशंटच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारा पंप असतो, तो चालवणारा हा प्रोग्रॅम. मूळचा ताईंचाच. रजेवर जाताना त्यांनी तो जड मनाने दुसऱ्यांच्या हाती दिला होता. आता दोघांनी एकाच स्क्रीनसमोर बसायचं. एकाने चाचणी लिहायची, दुसऱ्याने ती हिरवी होईल इतकाच कोड, की लगेच अदलाबदल.

आणि नवरदेव चुका करायचा. बोटं कीबोर्डवर सरसर पळायची, पण डोकं कुठे असायचं देव जाणे! कधी मिलिलिटरच्या जागी मिलिग्रॅम. कधी नळीत हवा शिरली तरी अलार्म गप्प. ताई एकेक ओळ दोनदोनदा वाचायच्या. पूर्वी त्यांना एकदा पुरायचं, आता म्हटलं दोनदा तर दोनदा. चूक सापडली की ती त्याच्यापुढे आदळायच्या. तो बोलणी खाऊन घ्यायचा आणि वर हसायचा. असा राग यायचा मेल्याचा!

पण एक होतं. दाखवलेली चूक तो पुन्हा कधी करत नसे. दर वेळी नवीकोरी काढायचा.

“म्हणजे शिकतोय तो,” ताई घरी नवऱ्याला म्हणाल्या. “मी त्याला तयार करूनच दाखवणार. बघशील तू.”

“तू दमतेस गं.”

“दमले तर झोपेन. पण याला घालवू देणार नाही. या वयात कुठे दारोदार हिंडेल बिचारा?”

नवऱ्याने त्यांच्या आखूड केसांवरून हात फिरवला आणि दिवा मालवला.

एकदा नवरदेवाने विचारलं, “ताई, सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत. मग आता काळजी कसली?”

“हिरवी म्हणजे जागी असं कोण म्हणालं? झोपलेली चाचणीही हिरवीच दिसते. जागी आहे का बघायचं असेल, तर चांगला कोड मुद्दाम मोडायचा. बारीकशी चूक पेरायची. ती बोंबलली तर जागी.”

“आणि नाहीच बोंबलली तर?”

“तर काढून टाकायची. जुनी आहे, आपली आहे, असली भीडभाड नाही. पंपाच्या दुसऱ्या टोकाला जिवंत माणूस असतो.”

नवरदेवाने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग त्याने पुढची चाचणी लिहायला घेतली.

महिना संपायच्या आदल्या दिवशी त्याने एक लांबलचक तुकडा लिहिला. सगळं हिरवं. ताईंनी तो दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. काहीतरी खटकत होतं. त्यांनी कीबोर्ड ओढला आणि नवी चाचणी लिहिली: नर्सने पंप मध्येच थांबवला, वेग बदलला, पुन्हा सुरू केला.

लाल.

“अहो, दिलेलं औषध विसरतोय हा पंप! पुन्हा पहिल्यापासून पूर्ण डोस देईल.”

नवरदेव स्क्रीनवर झुकला. या वेळी हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. उठून पाणी पिऊन आला.

“कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं,” तो पुटपुटला.

ताईंना भरून आलं. महिनाभर जिची वाट पाहिली, ती भीती अखेर त्याच्या डोळ्यांत दिसली होती. अशी भीती वाटणारा माणूसच या कामाच्या लायकीचा. आता काहीही झालं तरी याला सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई कुणी बोलवायची वाट न बघता साहेबांच्या केबिनमध्ये घुसल्या. नवरदेव आधीच तिथे बसला होता, मांडीवर बॅग घेऊन. तरी ताई मागे हटल्या नाहीत.

“साहेब, आधी माझं ऐका. याने चुका ढीगभर केल्या, कबूल. पण एकही लपवली नाही, एकही दुसऱ्यांदा केली नाही. याची जबाबदारी माझी. याला घालवणार असाल, तर मीही इथे राहणार नाही!”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताईंना बसायची खूण केली आणि नवरदेवाकडे वळून विचारलं, “काय मग? पंप ताईंच्या ताब्यात परत द्यायचा का?”

“बेलाशक द्या,” नवरदेव म्हणाला. “महिनाभरात मी पेरलेली एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नाही. आणि कालची तर मी पेरलेलीच नव्हती.”