चार सेकंद

"परवानगी मिळण्याआधीच पगधरेंनी वीज सोडली, असं नोंद सांगते," वीज उपकेंद्रातल्या चौकशीत साहेब म्हणाले. दोन महिने निलंबित असलेले ऑपरेटर पगधरे मान खाली घालून बसले होते.

सर्व्हर सांभाळणारी रेवती उठली. "सर, परवानगीची वेळ मुख्यालयाच्या घड्याळावरची आहे आणि स्विच टाकल्याची आपल्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डातल्या घड्याळावरची. हे एकच कार्ड तीन विभाग आपापल्या आभासी जोडणीतून वापरतात आणि कुणीही त्याचं घड्याळ बदलू शकतं. त्या दिवशी तुमच्या चाचणी विभागाने ते चार सेकंद मागे नेलं. म्हणून क्रम उलटा दिसतो."

"हे आधी सांगायला हवं होतं."

"घड्याळाला कुलूप हवं, असं तीनदा लेखी कळवलं. 'आपलीच माणसं आहेत, कुलूप कशाला?' असं तुम्हीच लिहिलंत."

साहेबांनी फाइल मिटली. "तांत्रिक बाब आहे, बघू."

जागेवर येऊन रेवतीने तिन्ही जोडण्यांकडून घड्याळ बदलण्याचा अधिकार काढून घेतला.

दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. "आमची चाचणी अडली आहे. घड्याळाचा अधिकार कुणाला विचारून बंद केलात?"

"कुणालाच नाही. पगधरेंना कामावर घ्या, मग माझी चौकशी लावा."

सोमवारी पगधरे रुजू झाले. त्याच दिवशी रेवतीच्या हातात मेमो पडला.