दुसरी किल्ली

"लिहून द्या म्हणजे झालं," ताई म्हणाली. "कुणीतरी दुसऱ्या किल्लीने गाडी उघडून आत बसतं, म्हणून बॅटरी उतरते. एवढंच. खाली सही करा."

मेकॅनिकने बॉनेटखालून डोकं काढलं नाही. "आधी बघू तरी द्या."

इमारतीखालच्या पार्किंगमधली, विजेवर चालणारी ती पांढरी गाडी महिन्यात तिसऱ्यांदा ठप्प झाली होती. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली, पण तिला जागं करणारी छोटी बॅटरी पार मेलेली. अशी का मरते, हे शोधायला मेकॅनिक आला होता. ताईला मात्र कारण आधीच सापडलं होतं. कारण म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

गाडीची दुसरी किल्ली हरवली त्याला तीन महिने झाले. धाकटा पूर्वी एकदा न विचारता गाडी घेऊन गेला होता, त्यामुळे फार शोधाशोध झालीच नाही. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काढलेल्या ताईच्या हातून कधी एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. वस्तू हरवणं हे इतरांचं काम. "किल्ली आणशील तेव्हाच या घराची पायरी चढ," असं तिने भावाला सुनावलं आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. वर, दुसऱ्या मजल्यावर, खुब्याचं हाड मोडलेली आई अंथरुणाला खिळून होती. ती रोज विचारायची, "आला का गं तो?" ताई सांगायची, कामात आहे. आज मेकॅनिकचा कागद हातात पडला की ती थेट पोलीस चौकी गाठणार होती. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं?

मेकॅनिकने सोबत आणलेली बॅटरी जोडून गाडी जागी केली, वायरीला मीटरचा चिमटा लावला आणि आकड्याकडे बघत राहिला.

"बंद गाडी एवढी वीज खात नाही. ही झोपतच नाहीये. किल्ली जवळ असली की गाडी जागी राहते, मालक येतोय असं तिला वाटतं. तुमची किल्ली कुठाय?"

"पर्समध्ये."

"गाडी लॉक करा आणि ती वर ठेवून या."

ताई दोन जिने चढली, किल्ली फ्रिजवर ठेवली. आतल्या खोलीतून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

"मेकॅनिक."

"बरं," आई म्हणाली. "मला वाटलं..."

ताईने पुढचं ऐकलं नाही. ती खाली आली तेव्हा मेकॅनिक दाराशी उभा होता. त्याने हँडलला नुसतं बोट लावलं. खट्ट झालं, दोन्ही आरसे उघडले, आतला दिवा लागला.

"किल्ली नक्की वर ठेवलीत?"

"फ्रिजवर."

"मग ही उघडली कशी?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तो इथेच होता. अगदी आत्ता, या क्षणी. ती खांबांकडे वळली आणि सगळं पार्किंग दणाणेल अशी ओरडली, "ये बाहेर! लपतोस काय चोरासारखा? ये की पुढे!"

पलीकडे स्कूटर पुसणाऱ्या शेजाऱ्याचा हात थांबला.

"अहो ताई, कुणाला हाका मारताय?" मेकॅनिक म्हणाला. "दोन हातांच्या आत असली तरच किल्ली कळते हिला. इथे तुम्ही आणि मी. किल्ली गाडीतच आहे."

"मी बघितलंय गाडीत."

"मग पुन्हा बघू."

त्याने सीटांखाली हात घातले, पायपुसण्या उचलल्या, कप्पे उपसले. मग डिकी उघडली. पंक्चरचं सामान, छत्री, घडी केलेली चादर. चादरीखाली एक मोठं पिवळं पाकीट होतं, आडवं-उभं रबर लावलेलं. त्यावर ताईच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आई – एक्स-रे – जुने'. मेकॅनिकने रबर काढून पाकीट उपडं केलं. एक्स-रेच्या मागोमाग किल्ली चादरीवर पडली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तो खुशीत हसला. "तीन महिने ही गाडी कुणी हात लावला असता तरी उघडली असती. तुमच्या पर्समध्ये तुमची किल्ली, म्हणून तुम्हाला कळलंच नाही. निघाला दोष. आता लिहून देऊ का?"

ताईने किल्ली उचलून मुठीत घेतली. ती डिकीच्या कडेवर बसली. आई पडली तो दिवस. घाईत हाताला लागलेली दुसरी किल्ली. हॉस्पिटलच्या दारात एका हाताने आईला सावरत, दुसऱ्या हातातलं सगळं तिने त्या पाकिटात कोंबलं होतं. रबरही तिनेच लावलं होतं. आता सगळं लख्ख दिसत होतं आणि ते बघवत नव्हतं.

"ताई? पाणी आणू?"

तिने मान हलवली आणि फोन काढला. भावाचा नंबर मोकळा करून लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. ती काही बोलायच्या आत तोच बोलू लागला. तिच्या मुठीत किल्ली रुतत होती.

"ताई? ठेवू नकोस, ताई. ऐक. मीच घेतली किल्ली. कबूल. म्हणशील तिथे सही करतो, पण आईला एकदा भेटू दे. फक्त किल्ली कुठे ठेवली ते विचारू नकोस. तेवढं मला सांगता येणार नाही."