विठोबामागचं लेबल

बेलपाड्याचे भगवानबुवा कीर्तनाला उभे राहिले की मागून कुणीतरी पुटपुटायचंच, "फितुराचा पणतू." एकोणीसशे तीस साली मिठागरावर सत्याग्रही गोळीबारात मेले; त्यांची खबर देऊन पणजोबांनी गोऱ्या साहेबाकडून बंदूक बक्षीस मिळवली, अशी गावात कुजबूज. घरचे म्हणत, बंदूक पंचवीस सालची, रानडुकरांसाठी घेतलेली. बंदूक कधीच गेली, तिची रिकामी पेटी बुवा दसऱ्याला पुजत. यंदा डाग पुसण्यासाठी पनवेलहून बंदुकांच्या जाणकार नावेदभाईंना बोलावलं. झाकणाआत चिकटवलेलं विठोबाचं चित्र त्यांनी ओल्या फडक्याने सोडवलं. खाली लंडनच्या दुकानाचं लेबल. "बुवा, ह्या पत्त्यावर दुकान आलं एकतीस साली. बंदूक ह्या पेटीतूनच आली, ती त्याआधीची नाही. वर विठोबा कुणी लावला?" "पणजोबांनीच." संध्याकाळी देवळात पेटी उघडून बुवांनी हात जोडले, "मंडळी, तुमचंच खरं हाय." मखमलीवर बंदूक तशीच उमटलेली होती. मागून कुणीच पुटपुटलं नाही.